पोटातील गाठ मोठ्या शिरेला चिकटली असेल तर शस्त्रक्रिया कशी करतात?

बोर्डी, घोलवड, डहाणू आणि तलासरी परिसरातील रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

पोटातल्या गाठीसाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, "गाठ मोठ्या शिरेला चिकटली आहे, मुंबईला जावे लागेल." हे ऐकून बहुतेक घरांत एकच अर्थ काढला जातो, की आता ऑपरेशन होणार नाही. हा समज नेहमीच खरा नसतो. पूर्वी अशा बऱ्याच गाठी काढण्यापलीकडच्या मानल्या जात. आज त्यांतील अनेक गाठी शिरेच्या खराब झालेल्या भागासह काढता येतात. मात्र हे काम कोणत्याही शस्त्रक्रियागृहात होत नाही. त्याला नेमक्या तपासण्या, अनुभवी चमू आणि रक्तपेढीची तयारी लागते.

थोडक्यात महत्त्वाचे

• शिरेला गाठ चिकटणे म्हणजे गाठ सर्व शरीरात पसरणे नव्हे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• शिरेचे काय करायचे हे गाठ कोणत्या अवयवाची आहे, कोणत्या शिरेला लागली आहे आणि किती भागाला लागली आहे यावर ठरते.
• काही रुग्णांना आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करतात, तर काहींमध्ये थांबणे धोक्याचे असते.
• पायाची सूज किंवा पोटातील गोळा तेल लावून चोळू नये.

पोटातील मोठ्या शिरा कोणत्या?

हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेते ती धमनी आणि अवयवांकडून हृदयाकडे रक्त परत आणते ती शीर. पोटात दोन शिरा सर्वांत महत्त्वाच्या.

पहिली अधोमहाशिरा. रिपोर्टमध्ये तिला 'आयव्हीसी' म्हणतात. दोन्ही पायांच्या व ओटीपोटाच्या शिरा एकत्र येऊन ती कंबरेच्या पातळीला सुरू होते, मणक्याच्या उजव्या बाजूने वर चढते, वाटेत दोन्ही मूत्रपिंडांचे व यकृताचे रक्त घेते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात उघडते. तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर असते. शरीरातून हृदयाकडे परतणाऱ्या रक्तापैकी सुमारे दोन तृतीयांश रक्त याच एका शिरेतून जाते.

दुसरी पोर्टल शीर. आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांचे रक्त ती यकृताकडे नेते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून येते. स्वादुपिंडाच्या मानेमागे आतड्याची मुख्य शीर आणि प्लीहेची शीर मिळून ती तयार होते. आतड्याच्या या शिरेला रिपोर्टमध्ये 'एसएमव्ही' लिहितात.

शिरेची भिंत धमनीपेक्षा बरीच पातळ असते आणि तिच्यातील रक्ताचा दाब फार कमी असतो. याचे दोन परिणाम शस्त्रक्रियेत दिसतात. दाब कमी असल्याने शिरेतून होणारा रक्तस्राव बोटाने किंवा गॉजने हलके दाबून बहुधा आवरता येतो. पण भिंत पातळ असल्याने घाईने चिमटा लावला तर ती आणखी फाटते.

कोणत्या गाठी या शिरांपर्यंत पोहोचतात?

मूत्रपिंडाचा कर्करोग: ही गाठ शिरेच्या आत वाढू शकते. दोडक्याचा वेल कुंपणाच्या फटीतून पुढे जावा तशी ती मूत्रपिंडाच्या शिरेतून अधोमहाशिरेत शिरते आणि क्वचित हृदयापर्यंत पोहोचते. या आतल्या भागाला 'ट्यूमर थ्रॉम्बस' म्हणतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सुमारे ४ ते १० टक्के रुग्णांत असे घडते. बऱ्याच वेळा ही वाढ शिरेच्या पोकळीत नुसती लोंबत असते, भिंतीत रुतलेली नसते. म्हणून ती बाहेर काढता येते.

स्वादुपिंडाचा कर्करोग: ही गाठ बाहेरून पोर्टल किंवा आतड्याच्या मुख्य शिरेला वेढते. १९५१ साली अमेरिकेतील सर्जन जॉर्ज मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत या शिरेचा तुकडा काढून टोके पुन्हा जोडल्याचे प्रसिद्ध केले. आज मोठ्या केंद्रांत ही पद्धत रुळली आहे.

यकृताच्या गाठी: यकृतातून तीन मोठ्या शिरा अधोमहाशिरेत उघडतात. जो भाग शिल्लक ठेवायचा त्याचे रक्त बाहेर नेणारी किमान एक चांगली शीर राखावीच लागते.

पोटाच्या मागील भागातील सार्कोमा: ही गाठ फार मोठी होईपर्यंत त्रास देत नाही. क्वचित ती अधोमहाशिरेच्या भिंतीतूनच उगवते.

लहान मुलांतील विल्म्स ट्यूमर: ही मूत्रपिंडाची गाठ बहुधा ५ वर्षांखालील मुलांत आढळते. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटातला टणक गोळा लागतो. ही गाठ शिरेत गेली असली तरी केमोथेरपीने ती पुष्कळ आक्रसते, म्हणून अशा मुलांत औषधे आधी देतात. गोळा वारंवार दाबून पाहू नये किंवा चोळू नये, कारण गाठ पोटातच फुटू शकते.

कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत?

• लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच गेले असले आणि दुखत नसले तरी.
• दोन्ही पायांना नव्याने आलेली सूज, किंवा पोटाच्या कातडीवर फुगलेल्या शिरा.
• पुरुषांत वृषणाच्या वरच्या शिरा अचानक फुगणे, विशेषतः उजव्या बाजूला, किंवा आडवे झाल्यावरही त्या न ओसरणे.
• कावीळ, सोबत खाज आणि पांढरट शौच.
• पोटात हाताला लागणारा गोळा, भूक मंदावणे, कारण नसताना वजन घटणे.

यांपैकी प्रत्येक लक्षण कर्करोगाचेच असते असे नाही. पण साध्या सोनोग्राफीने पहिली दिशा मिळते आणि ती तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते.

तपासण्या: कोणत्या आणि पुन्हा का?

शिरेबद्दल निर्णय घेण्यासाठी रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. धमन्यांत व शिरांत रंगद्रव्य वेगवेगळ्या वेळी पोहोचते, म्हणून दोन्ही टप्प्यांची चित्रे घ्यावी लागतात. रंगद्रव्य न देता काढलेल्या स्कॅनवर शिरेची अवस्था नीट कळत नाही. त्याआधी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करून मूत्रपिंडांचे काम पाहतात. शिरेतील वाढ कुठवर गेली हे एमआरआयवर अधिक स्पष्ट दिसते. ती हृदयाजवळ असेल तर इको तपासणीही करतात.

"महिन्यापूर्वीच एमआरआय काढला, आता पुन्हा खर्च कशाला?" हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की शिरेतील गाठ काही आठवड्यांत वर सरकू शकते. यकृताच्या खाली थांबलेली वाढ आणि यकृताच्या मागे गेलेली वाढ यांची शस्त्रक्रिया वेगळी असते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या अगदी जवळच्या तारखेचा स्कॅन हवा असतो. मुंबईला जाताना कागदी रिपोर्ट व फिल्मसोबत स्कॅनची सीडीही घ्या. सर्जनला एकेक चित्र पुढे-मागे करून पाहावे लागते आणि ते सीडीवरच शक्य असते.

शस्त्रक्रियेत शिरेचे नेमके काय करतात?

१. शीर सोडवणे. गाठ नुसती टेकलेली असेल तर ती शिरेपासून हळूहळू वेगळी करतात. गाठीतून शिरेला मिळणाऱ्या बारीक फांद्या एकेक करून बांधतात. स्कॅनवर चिकटलेली दिसणारी गाठ प्रत्यक्षात अशी सुटू शकते.

२. भिंतीचा छोटा भाग कापून शिवणे. गाठ एका बाजूलाच रुतली असेल तर तेवढा भाग काढून बारीक, न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. शिवल्यावर शीर फार अरुंद होणार असेल तर ठिगळ लावतात. ते रुग्णाच्या दुसऱ्या शिरेचे किंवा गाई-बैलाच्या हृदयावरणापासून बनवलेल्या पडद्याचे असते. कोणाला श्रद्धेच्या कारणाने हे चालणार नसेल तर आधीच सांगावे, पर्याय असतात.

३. तुकडा काढून टोके जोडणे. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत शिरेचा छोटा तुकडा काढल्यावर आतडे व यकृत थोडे मोकळे करून दोन टोके एकमेकांपर्यंत आणता येतात.

४. नवी नळी बसवणे. अंतर जास्त असेल तर मानेची किंवा मांडीची शीर अथवा कृत्रिम नळी मध्ये जोडतात. मोठ्या व्यासाच्या अधोमहाशिरेसाठी कृत्रिम नळी अधिक वापरतात.

५. शीर बांधून टाकणे. गाठीमुळे अधोमहाशिरा अनेक महिन्यांपासून बंद असेल तर शरीराने आजूबाजूच्या लहान शिरांतून पर्यायी वाट काढलेली असते. अशा वेळी ती न जोडताही चालू शकते. डाव्या मूत्रपिंडाची शीर लांब असते आणि तिला अधिवृक्क ग्रंथीची व वृषणाची किंवा बीजांडाची शीर मिळते. म्हणून गरज पडल्यास ती अधोमहाशिरेजवळ बांधली तरी रक्ताला दुसरी वाट उरते. उजवी शीर आखूड असते, तिला अशी सोय नसते.

६. शीर उघडून आतली गाठ काढणे. मूत्रपिंडाच्या कर्करोगात गाठीच्या वर, खाली आणि दुसऱ्या मूत्रपिंडाच्या शिरेवर तात्पुरते पट्टे आवळतात, शीर उघडतात, आतली वाढ मूत्रपिंडासह अखंड बाहेर काढतात आणि शीर शिवतात. वाढ हृदयात गेली असेल तर हृदयशल्यचिकित्सक सोबत असतात आणि हार्ट-लंग मशीन लागू शकते.

या शेवटच्या शस्त्रक्रियेबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट आहे. आजार इतरत्र पसरलेला नसेल आणि सर्व गाठ निघाली, तर शिरेत शिरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे निम्मे रुग्ण ५ वर्षांनंतरही जिवंत असल्याचा अनेक मोठ्या केंद्रांचा अनुभव आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात चित्र अधिक कठीण असते. तिथे शिरेचा तुकडा काढणे तेव्हाच उपयोगी, जेव्हा त्यामुळे गाठ पूर्ण निघणार असेल. म्हणूनच अशा रुग्णांना बहुधा आधी केमोथेरपी देऊन आजार कसा प्रतिसाद देतो ते पाहतात.

रक्तस्राव कसा आवरतात?

शीर हाताळण्याआधीच तिचा वरचा व खालचा भाग ताब्यात घेतात, म्हणजे फाटली तरी रक्त दोन्हीकडून थांबवता येते. यकृताच्या शस्त्रक्रियेत यकृतात येणारे रक्त काही मिनिटे थांबवून पुन्हा सोडतात. ही युक्ती ग्लासगोचे सर्जन जेम्स प्रिंगल यांनी १९०८ साली मांडली आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे.

अधोमहाशिरा आवळली की हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळे आधी काही क्षण आवळून भूलतज्ज्ञ रक्तदाब पाहतात आणि मगच पुढे जातात. या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाचे काम सर्जनइतकेच महत्त्वाचे असते.

रक्त किती लागेल हे आधी नेमके सांगता येत नाही, म्हणून रक्तपेढीत पुरेशा पिशव्या राखून ठेवतात. रुग्णालय नातेवाइकांना रक्तदानाची विनंती करते ती यासाठी. गावाहून दोन-चार निरोगी माणसे आधीच ठरवून ठेवली तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

धोके कोणते?

मोठा रक्तस्राव, गाठीचा किंवा गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकणे, शिरेत हवा जाणे, मूत्रपिंडाचे काम मंदावणे, जोडलेल्या शिरेत गुठळी होणे, जंतुसंसर्ग आणि पायांना सूज हे मुख्य धोके. मृत्यूचा धोकाही असतो. तो रुग्णाचे वय, हृदय-फुप्फुसांची स्थिती आणि गाठ किती वर गेली यांनुसार बदलतो. आपल्या रुग्णाला किती धोका आहे हे सर्जनला स्पष्ट विचारावे. तो प्रश्न अपशकुनी नाही.

सिकल सेल असेल तर आधी सांगा

डहाणू व तलासरीतील वारली, कोकणा आणि इतर आदिवासी कुटुंबांत सिकल सेल आढळतो. ही माहिती मुंबईच्या सर्जनला आपोआप कळत नाही. सिकल सेल आजार असलेल्या व्यक्तीला शस्त्रक्रियेत ऑक्सिजन, उब किंवा पाणी कमी पडले तर लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात. शिरेचा प्रवाह काही काळ थांबवायचा असेल तेव्हा याला विशेष महत्त्व येते. आधी कळले तर रक्त चढवून तयारी करता येते, शरीर उबदार ठेवता येते आणि सलाइन वेळेवर सुरू करता येते.

फक्त वाहक असलेल्या व्यक्तीला सहसा त्रास नसतो. तरीही वाहक तरुणाच्या लघवीतून रक्त जात असेल तर सोनोग्राफी अवश्य करावी. मूत्रपिंडाचा एक अत्यंत दुर्मिळ पण आक्रमक कर्करोग प्रामुख्याने सिकल सेलच्या वाहकांत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानात तपासणी करून कार्ड देतात. ते कार्ड फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

बोर्डी-घोलवड-डहाणू पट्ट्यातील पारशी कुटुंबांत जी-६-पीडी या विकराची कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. तशी नोंद असेल तर भूलतज्ज्ञाला सांगावे, कारण काही औषधे टाळावी लागतात.

शस्त्रक्रिया कुठे करावी?

पहिली तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. पण मोठ्या शिरेशी संबंधित शस्त्रक्रिया अशाच ठिकाणी करावी जिथे कर्करोग सर्जन, रक्तवाहिन्यांचे सर्जन, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी एकाच छताखाली आहेत. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करत आहे. परळचेच केईएम आणि भायखळ्याचे जे. जे. ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. काही कुटुंबांना वापी किंवा वलसाड जवळ पडते. तिथे गेल्यास हीच चार गोष्टींची चौकशी करा, आणि आपली सरकारी योजना त्या रुग्णालयात चालते का तेही आधी विचारा.

डहाणू रोडहून लोकलने दादरला उतरून परळला जाता येते. लोकलमधील दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. लांबच्या गाड्यांत रुग्णाला व एका सोबतीला भाड्यात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र उपचारांची यादी ठरलेली असते. दाखल होण्यापूर्वी शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. कृत्रिम नळी किंवा पडदा लागल्यास त्याचा खर्च कोण देणार हेही विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

• गाठ शिरेला टेकली आहे, रुतली आहे की शिरेच्या आत आहे?
• आजार इतरत्र पसरला आहे का?
• आधी औषधे द्यायची की थेट शस्त्रक्रिया? का?
• शिरेचा भाग काढावा लागला तर जोडणार कसा?
• पोट उघडल्यावर गाठ निघण्यासारखी नाही असे दिसले तर काय कराल?
• अशा शस्त्रक्रिया इथे नियमित होतात का?

पाचव्या प्रश्नावर घरात आधीच बोलून ठेवा. कधीकधी गाठ अर्धवट काढण्यापेक्षा पोट पुन्हा बंद करणे हाच रुग्णाच्या हिताचा निर्णय असतो. त्याचा अर्थ उपचार संपले असा होत नाही.

घरी आल्यावर

पोटाच्या मोठ्या कर्करोग शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून बऱ्याच रुग्णांना सुमारे ४ आठवडे रोज पोटाच्या कातडीत इंजेक्शन देतात. ते घरी कसे द्यायचे हे सुट्टी मिळण्याआधी परिचारिकेकडून शिकून घ्या. शीर जोडलेली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी अधिक काळ चालू शकते. ती मनाने बंद करू नये आणि तिच्यासोबत दुखण्याची गोळी किंवा झाडपाल्याचे औषध न विचारता घेऊ नये.

रोज थोडे चाला, पाणी पुरेसे प्या. बसताना पाय उंच ठेवा. एक मूत्रपिंड काढले असेल तर क्रिएटिनिनची तपासणी सांगितलेल्या तारखेला करा. तंबाखू व विडी पूर्ण बंद.

पुढील त्रास झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, मुंबईच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका:

• अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे
• एका पायाला वाढती सूज व पोटरी दुखणे
• पोट फुगणे, सतत उलट्या, काळी शौच
• जखमेतून रक्त किंवा पू, थंडी वाजून ताप
• लघवी खूप कमी होणे

एका पायाला आलेली सूज चोळण्याचा मोह टाळा. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक शीर काढली तर पाय कायमचे सुजतील का?
अधोमहाशिरा बांधलेल्या काही रुग्णांना सूज येते. पर्यायी शिरा तयार झालेल्या असतील तर ती सौम्य असते आणि दाब देणाऱ्या मोज्यांनी व हालचालीने बऱ्याच अंशी आटोक्यात राहते. मोजे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचेच घ्यावेत.

हवा लागल्याने कर्करोग पसरतो का?
नाही. पोट उघडल्याने किंवा हवा लागल्याने कर्करोग पसरत नाही. या भीतीने शस्त्रक्रिया लांबवली तर शिरेतील गाठ मात्र पुढे सरकू शकते.

दुसरे मत घेतले तर डॉक्टर रागावतील का?
इतक्या मोठ्या निर्णयाआधी दुसरे मत घेणे योग्यच आहे. फक्त ते लवकर घ्या आणि सर्व कागद व सीडी सोबत न्या.

ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. प्रत्येक रुग्णाची गाठ व शिरेची अवस्था वेगळी असते, त्यामुळे उपचाराचा निर्णय तपासणी केलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.